अकरा महिन्यांचं बेट

घर ही विकत घेण्याची नव्हे, आधी राहून पाहण्याची गोष्ट आहे. ज्याला हे कळलं त्याला आयुष्य कळलं. हे वाक्य सुदाम गांगुर्डे यांनी विठ्ठलवाडीच्या एका इमारतीच्या जिन्यात, लोखंडी कपाटाचं खालचं टोक छातीवर पेलत, उलटं उतरताना उच्चारलं. वरचं टोक धरलेल्या हमालाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पायरी आहे की संपली?"

पायरी होती. ती चुकल्यामुळे गांगुर्डे एकदम खाली बसले आणि कपाट त्यांच्या मांडीवर बसलं. त्याच अवस्थेत त्यांनी उरलेला विचार पुरा केला. माणूस बैल बघतो, मुलगी बघतो, चप्पलसुद्धा दुकानात चार पावलं चालून बघतो. घर मात्र कागदावरच्या चौकोनावर बोट ठेवून घेतो.

खाली टेम्पोजवळ त्यांची बायको अंजना चादरीत गुंडाळलेले दोन फोटो पोटाशी धरून उभी होती. एक बुद्धांचा, एक बाबासाहेबांचा. फोटो ती हमालाच्या हाती देत नसे. वरून येणारा विचार तिला पाठ होता, त्यामुळे तिने टेम्पोवाल्याला एवढंच सांगितलं, "अजून पाच मिनिटं लागतील. बैलापर्यंत आलेत."

बारा वर्षांत हे तेरावं घर सुटत होतं. आकडा ऐकून लोक दचकत, मग त्यांना समजावून सांगावं लागे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या पट्ट्यात कोणताही मालक अकरा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करार करत नसे. बारावा महिना लागला की भाडोत्री कायद्याने जावई होतो आणि मग त्याला काढता येत नाही, अशी मालकवर्गाची पक्की समजूत होती. त्यामुळे अकरा महिने भरले की बाकीचे भाडोत्री मालकाच्या नाकदुऱ्या काढून तोच करार नव्याने करून घेत. गांगुर्डे सामान बांधत. अकरा महिन्यांत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही होऊन जातात आणि घराच्या पोटात जे काय असेल ते बाहेर पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि पडतही असे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या घराला हवा उत्तम होती, पण मागच्या नाल्यातून कापड रंगवणाऱ्यांच्या मर्जीप्रमाणे एक दिवस निळं, एक दिवस तांबडं पाणी वाहायचं. अंबरनाथला शिवमंदिराजवळचं घर त्यांना दहा महिने पसंत होतं. अकराव्यात महाशिवरात्र आली आणि जत्रेतल्या पाळण्यात बसलेली माणसं दर मिनिटाला गॅलरीच्या उंचीवर येऊन आत काय शिजतंय ते बघून जाऊ लागली. विठ्ठलवाडीत डेपोतली पहिली एसटी पहाटे साडेचारला घसा साफ करायची.

मालकांमध्ये मात्र गांगुर्डेंना फार मान होता. उल्हासनगरचा टहिलराम दलाल तर त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. "दुसरा भाडोत्री काढायला मेरे को वकील लागतो, साईं. तू तो खुद जातो. वर झाडू मारून जातो. मालक लोक विचारतात, गांगुर्डे साब कब खाली होणार, आम्हाला भी एकदा दे."

खात्यातही, म्हणजे गांगुर्डे अंबरनाथच्या ज्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते तिथे, कोणाला घर घ्यायचं असलं की तो आधी त्यांच्याकडे येई. ते त्याला पाणी, डास, शेजार आणि गच्चीची गळती यांवर तासभर सांगत. ऐकणारा मान डोलवून जाई आणि महिन्याभरात घर घेऊन पेढे देई. असे नऊ जण झाले होते. गांगुर्डे पेढा खात आणि म्हणत, "बघा, घाई केलीत."

कराराचं चौथं कलम सगळीकडे एकच असे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे अंजनाकडचे ते दोन फोटो बारा वर्षं ट्रंकेवर, भिंतीला पाठ टेकून उभे होते. मुलीने सात शाळा बदलल्यावर स्वतःहून औरंगाबादचं वसतिगृह मागून घेतलं होतं. तिथे खोलीत चौघी होत्या, पण खोली एकच आहे, असं तिने पत्रात समाधानाने कळवलं होतं.

विठ्ठलवाडी सुटली ती सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात, आणि सुटण्यामागे एसटीपेक्षा मोठं कारण होतं. खात्यात परिपत्रक आलं होतं. अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, खात्याची नवी शाखा निघणार होती. तिथे एक हेडक्लार्क हवा होता. तीन वर्षांनी वाटलं तर तिथेच कायम राहता येणार होतं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी पुढच्या वर्षीच्या बारा ऑगस्टपर्यंत फॉर्म भरून द्यावा. सरकारी समुद्रात गलबतं सावकाश चालतात.

गांगुर्डेंनी भिंतीवरच्या नकाशाजवळ खुर्ची नेली. बंगालच्या उपसागरात कोणीतरी पेन झटकल्यासारखे थेंब पडले होते. त्यांतला एक त्यांनी बराच वेळ बोटाखाली धरून ठेवला. नाला नाही, डेपो नाही, पाळणा नाही. दाराशी समुद्र, मागे माड.

"आणि माणसं?" घरी अंजनाने विचारलं.

"असतील की. मोजकी."

"मग द्या फॉर्म."

गांगुर्डेंनी तिच्याकडे दुःखाने पाहिलं. अठरा वर्षांच्या संसारात हिला काहीच कळलं नव्हतं. "न बघता? उद्या तिथे जाऊन कळलं की आपल्याला बेट मानवत नाही, तर? आधी राहून बघायला नको?"

"अहो, अंदमानला जाऊन राहून यायचं म्हणता?"

"तेवढी रजा कुठली. इथेच बघायचं. इथलं एखादं बेट."

टहिलरामने हे शांतपणे ऐकलं. त्याच्या वहीत उल्हासनगरच्या पाचही कॅम्पमधल्या खोल्या होत्या. त्याने शेवटपर्यंत पानं उलटली. "बेट तो नाही, साईं," तो म्हणाला. "टेरेस आहे."

बेट शेवटी गांगुर्डेंनी स्वतःच शोधलं. बदलापूर गावाच्या पुढे उल्हास नदी एक वळण घेते आणि त्याच वळणावर तिला एक ओढा येऊन मिळतो. मधल्या बेचक्यात हरिचंद्र भोईर या शेतकऱ्याची भाताची खाचरं, त्याचं घर, आणि जावयासाठी बांधलेल्या पण जावयाने नाकारलेल्या दोन खोल्या होत्या. ओढा ओलांडायला दगडी फरशी होती, कमरेएवढी उंच. पावसाळ्यात ती बुडली की तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला ओढा. गाव या जागेला नुसतं पल्याड म्हणे.

"पाणी येतं का?" गांगुर्डेंनी विचारलं.

"नलाला?" हरिचंद्र म्हणाला. "नल नाय सायेब. हीर हाय."

"तसं नाही. चारी बाजूंनी येतं का?"

हरिचंद्राने बायकोकडे, तुळशीकडे, पाहिलं. आजवर सगळे पाणी येतं म्हणून खोल्या नाकारून गेले होते. "येतं की," तो जपून म्हणाला. "दोन-चार दिस कोन हालत नाय."

"छान," गांगुर्डे म्हणाले, आणि खिशातून स्टॅम्पपेपर काढला.

"अकरा म्हयनं कनाला?" हरिचंद्र म्हणाला. "ऱ्हावा की मरंपरन."

गांगुर्डेंनी त्याला कायदा समजावून सांगितला. हरिचंद्राने सगळं ऐकलं, न वाचता सही केली आणि कागद छपराच्या वाशात खोचून टाकला. पहिल्याच दिवशी अंजनाने सवयीने विचारलं, खिळा ठोकलेला चालेल का. तुळशी हसली. "भिंत कुडाची हाय बाय, खिला ऱ्हायाचा नाय." मग हरिचंद्राने पटाशी आणली, खोलीच्या मेढीत, म्हणजे मधल्या लाकडी खांबात, दोन भोकं पाडली, दोन खुंट्या ठोकून बसवल्या आणि वर स्वतः लोंबकळून दाखवलं. फोटो बारा वर्षांत पहिल्यांदा माणसाच्या नजरेच्या उंचीवर गेले. अंजना त्यांच्यासमोर हात जोडून जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"अकराच महिने आहेत," गांगुर्डे मागून म्हणाले.

मग बेट सुरू झालं. पोर्ट ब्लेअरला बोट पंधरा दिवसांनी लागत असणार, असं गांगुर्डेंनी गृहीत धरलं होतं. म्हणून बाजार फक्त एक आणि सोळा तारखेला. एरवी काही संपलं तर संपलं. अडचण एवढीच होती, की गांगुर्डे रोज अंबरनाथला कचेरीत जात आणि अंजना बदलापूरच्या शाळेत शिकवायला, आणि दोघांच्याही वाटेत बदलापूरचा बाजार होता. त्यावर गांगुर्डेंनी उपाय काढला. बाजारातून जाताना तिथे समुद्र आहे असं समजायचं. ते तसे मान ताठ ठेवून जात. कांदेवाली कौसाबाई, जी त्यांना दहा वर्षं ओळखत होती, ती मागून ओरडे, "ओ गांगुर्डे, काय रागबिग धरलाय का?" गांगुर्डे भर समुद्रातून तिच्याकडे पाहत आणि पुढे जात.

वर्तमानपत्रही आठ दिवसांनी वाचायचं. आलं की पेटीत टाकायचं आणि आठवडा जुनं झालं की काढायचं. त्या वर्षी क्रिकेटचा वर्ल्ड कप आपल्याकडे होता. आपण उपांत्य सामन्यात हरलो तेव्हा सगळी कचेरी दोन दिवस जेवली नाही. गांगुर्डे कानांवर हात ठेवून फाईल वाचत होते. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचं सुतक फिटल्यावर ते एकटेच उदास होऊन आले. शेजारच्या टेबलावरचा शिवराम म्हणाला, "आता काय झालं?" गांगुर्डे म्हणाले, "हरलो."

अंजनाने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की ती बेटावर राहत नाही, ती बेटावरून शाळेत जाते. एका अकरा तारखेला आमटीत कोथिंबीर आली.

"ही कुठून?" गांगुर्डेंनी विचारलं.

"बोट लागली होती."

"आज अकरा तारीख."

"वादळात सापडली होती. आधीच आली."

हा कसला कडक नेम आहे ते तुळशीला उमगत नव्हतं. ती अंजनाला हळूच विचारी, "सायबांना कुनी शपथ घातलीय का गो, बाजारान जायाची?" आणि मिरच्या, वांगी, कधी नदीचे चार मासे मागच्या दाराने देऊन जाई. गांगुर्डे ते मासे बेटावरचं उत्पन्न म्हणून मोकळ्या मनाने खात. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गांगुर्डेंनी फॉर्म भरला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि ठेवून दिला. पावसाळा बघितल्याशिवाय मत देणं बरोबर नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी अंजनाने जेवताना विषय काढला. बदलापुरातच, कात्रपला, शाळेच्या वाटेवर एक इमारत उठत होती. दोन खोल्या, तळमजला, कोपऱ्यावरची जागा. पतपेढीचं कर्ज तिला मंजूर झालं होतं.

"साइटवर मधु म्हणून माणूस आहे. शेवटची उरलीय म्हणाला. शनिवारपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो."

"बघू. आधी तिथे कोणी भाड्याने देतंय का विचारतो. अकरा महिने राहू..."

"अहो, भिंती अजून ओल्या आहेत तिच्या. भाड्याने कोण देणार?"

"म्हणूनच म्हणतो, घाई नको. आणि शुक्रवारी माझा फॉर्म जायचाय. अंदमान ठरलं तर कात्रपचं काय करायचं?"

अंजनाने ताटातला भात एकीकडे सारला. "तुम्ही अंदमानला जा, नाहीतर चंद्रावर जा. मी असेन असं एक दार मला पाहिजे. सुट्टी लागली की कुठे यायचं ते आपल्या पोरीला पत्राने विचारावं लागतं. मागच्या दिवाळीत ती विठ्ठलवाडीला जाऊन आली. दार उघडलं ते दुसऱ्याच बाईने."

"पत्र उशिरा पोचलं तिला," गांगुर्डे म्हणाले.

"हो," अंजना म्हणाली, आणि उठून हात धुतले.

बुधवारी सकाळी फरशी दिसेनाशी झाली. गांगुर्डे छत्री घेऊन अंगणात आले तेव्हा ओढ्याच्या जागी तांबडं पाणी सरकत होतं. नदी खाचरांच्या बांधापर्यंत वर आली होती. त्यांना आनंदाची उकळी फुटली. "आलं बेट," त्यांनी आत ओरडून सांगितलं, आणि चारी बाजू बघून यायला निघाले. अर्ध्या तासात चारी बाजू बघून झाल्या. परत आले, चहा प्यायले, पुन्हा निघाले. त्याच बाजू होत्या.

दुपारपर्यंत त्यांच्या सात फेऱ्या झाल्या. पाण्याच्या कडेला त्यांनी एक काठी रोवली आणि दर पंधरा मिनिटांनी ती बघू लागले. घरात येत, पेटीतलं वर्तमानपत्र काढत, दोन ओळी वाचत, ठेवत. दार उघडून बघत, लावत. अंजना आणि तुळशी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तुळशीच्या नणंदेच्या लग्नात बँडवाले कसे फरशीवरून पडले आणि तरी वाजवत राहिले, हे ऐकून अंजना हसत होती. गुरुवारी दुपारी तर ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली. गांगुर्डे तिच्या पायाशी उभे राहून बघत राहिले. हिला दुपारी झोप येते हे त्यांना माहीत नव्हतं. जिथून कुठेच जाता येत नाही अशा जागी माणूस डोळे कसे मिटतो, हेही त्यांना समजेना.

"सायेब, बसा की जरा," हरिचंद्र जाळं शिवता शिवता म्हणाला. "पायानं जमीन झिजंल माजी."

"पाणी कधी उतरेल?"

"उतरंल तवा उतरंल. तुमालाच पायजे व्हतं ना?"

शुक्रवार उजाडला तो फॉर्मचा शेवटचा दिवस. गांगुर्डे सातला कपडे करून, फॉर्मची पिशवी हातात घेऊन तयार होते. हरिचंद्राकडे मासे धरायला जायचा एक तराफा होता. ट्रकच्या दोन ट्यूबा आणि त्यांवर बांधलेल्या फळ्या. त्याने बांबू हातात घेतला, ओढ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जायाचं तं आत्ता. पानी चरतंय. मंगशी नाय नेनार."

गांगुर्डेंनी तराफ्याकडे पाहिलं. त्यांना दोनच ट्यूबा दिसल्या. "हरिचंद्र, आधी एक रिकामी फेरी मारून बघता का?"

"रिकामी कनाला? बापाच्या वक्तापासना हितून जातंय मी."

"तसं नाही. कोणीतरी बसवून. म्हणजे वजन कसं पेलतंय ते कळेल. ट्रायल."

हरिचंद्राने इकडेतिकडे पाहिलं. बेटावर ट्रायलला माणसं फारशी नव्हती. तेवढ्यात अंजना दारातून बाहेर आली. पदर खोचलेला, शाळेची पर्स गळ्यात, चपला हातात.

"मी बसते," ती म्हणाली. "ट्रायल."

"अगं, तू कशाला?"

"तुम्हीच म्हणता ना, आधी बसून बघावं."

ती फळीवर मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी दोर धरला. गांगुर्डेंनी फॉर्मची पिशवी पुढे केली आणि लगेच मागे घेतली. ट्रायलच्या फेरीत सरकारी कागद घालणं बरोबर नव्हतं.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या फेरीला आहातच."

हरिचंद्राने बांबू टेकला आणि तराफा निघाला. मध्यावर तो एकदा गर्रकन फिरला. अंजनाची पाठ होती तिथे तोंड आलं. ती घाबरलेली दिसली नाही. डोळे मात्र घट्ट मिटलेले होते. मग तराफा खूप खाली वाहत जाऊन करंजाच्या झाडाला लागला आणि ती चिखलात उतरली. गांगुर्डेंनी पिशवीची गाठ घट्ट केली. ट्रायल उत्तम झाली होती.

तेवढ्यात वरून एक अख्खं झाड, मुळांसकट, संथपणे वाहत आलं आणि ज्या वाटेने तराफा गेला होता तिथून पुढे गेलं. हरिचंद्र ते बघत उभा राहिला. मग त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले. "सायेब, आता नाय. उद्या बघू." त्याने तराफा ओढून वर घेतला, झाडाला बांधला आणि गावातल्या भावाच्या घराकडे चालू लागला.

पलीकडून अंजनाने हात वर केला. गांगुर्डेंनी पिशवी वर केली. ती काहीतरी बोलली, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग तिने चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि कात्रपच्या रस्त्याला लागली. ती भराभर चालत होती. एवढं भराभर चालताना त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. आजवर ती नेहमी टेम्पोच्या मागून, फोटो सांभाळत चालायची.

बेटावर आता गांगुर्डे आणि तुळशी उरले. दुपारी तुळशीने त्यांना भाकरी दिली. ती खाऊन गांगुर्डे काठी बघून आले. काठी बुडाली होती. ते खोलीत गेले आणि ट्रंक उघडली. आधी कपडे भरले. मग भांडी, मोठ्यात लहान अशी बसवून. वर्तमानपत्रं दोरीने बांधली. गाद्यांच्या वळकट्या केल्या. कपाटातल्या वस्तू काढून कपाटाला पोतं गुंडाळलं. हात आपोआप चालत होते आणि बुधवारपासून पहिल्यांदाच काठी बघायला जायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी तुळशी दिवा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. सगळी खोली दोऱ्यांनी आवळलेली होती. खुंट्यांवरचे दोन फोटो तेवढे जागच्या जागी होते. त्यांना हात लावायचं गांगुर्डेंना धैर्य झालं नव्हतं.

"कुटं चाललाव, सायेब?"

"कुठेही नाही."

"मंग बांधलाव कनाला?"

गांगुर्डे ट्रंकेवर बसले होते. "सवय आहे," ते म्हणाले.

पाणी रविवारी सकाळी उतरलं. फरशी वर आली, चिखलाने माखलेली, आणि तिच्यावरून अंजना चपला हातात धरून परत आली. खोलीत पाऊल टाकलं, बांधलेलं सामान पाहिलं, आणि एका वळकटीवर टेकली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बांधलंय ते तसंच राहू दे. दिवाळीनंतर ताबा मिळेल."

"कसला ताबा?"

"कात्रपचा. काल कागद झाले."

गांगुर्डे समोरच्या ट्रंकेवर बसले. "न राहता?"

"न राहता."

"कोणाच्या नावावर?"

"जिने ट्रायल घेतली तिच्या."

बाहेर हरिचंद्र तराफ्याची ट्यूब दाबून बघत होता. गांगुर्डे उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "पाण्याचं विचारलंस?" त्यांनी विचारलं. "शेजारी कोण? पश्चिमेचं ऊन?"

"कळेलच की," अंजना म्हणाली. "राहिल्यावर."

पंधरा ऑगस्टची सुट्टी संपवून मंगळवारी ते कचेरीत गेले तेव्हा शिवरामने आल्याआल्या बातमी दिली. पावसामुळे कोणीच येऊ शकलं नव्हतं म्हणून फॉर्मची मुदत पंधरा दिवस वाढवली होती. "तुझं नशीब जोरावर आहे," तो म्हणाला. गांगुर्डेंनी मान हलवली, पिशवी खणात ठेवली आणि खण लावला. पंधराव्या दिवशी शिवरामने विचारलं, "टाकलास का रे?" गांगुर्डे म्हणाले, "विचार चालू आहे." त्या दिवसापासून ते बाजारातून जाताना थांबू लागले. कौसाबाईने त्यांना एक कांदा वर दिला आणि राग गेला का विचारलं.

सप्टेंबरात हरिचंद्राचा करार संपला आणि कात्रपचं घर तयार नव्हतं. बारावा महिना लागला त्या सकाळी गांगुर्डे स्वतःच अपराध्यासारखे हरिचंद्रासमोर जाऊन उभे राहिले. "मुदत संपली," ते म्हणाले. "आजपासून मी कायद्याने जावई."

"मंग जेवून जावा," हरिचंद्र म्हणाला.

डिसेंबरात टेम्पो कात्रपला गेला. जिना नव्हता, पायरी एकच होती. कपाट आत गेलं, गाद्या आत गेल्या. अंजनाने सगळ्यात आधी भिंतीत खिळे ठोकून घेतले; शेजाऱ्यांनी दुपारी येऊन विचारलं, सुतार बोलावलाय का. मुलगी नाताळच्या सुट्टीत न विचारता आली आणि बरोबर दारात येऊन उभी राहिली. सगळं नीट होतं. गांगुर्डेंनाच चैन पडेना. ते नळ उघडून बघत, बंद करत. भिंतीला कान लावत. जेवताना मध्येच उठून खिडकीतून रस्ता बघून येत. पाणी पुरेसं होतं, डास बेताचे होते, शेजारी सज्जन होते. म्हणजे आता सोडून जायला काहीच कारण उरलं नव्हतं, आणि त्या विचाराने ते रात्री उठून बसत. आठवडाभरात त्यांचे डोळे आत गेले.

एका रविवारी अंजनाने त्यांना समोर बसवलं. तिच्या हातात स्टॅम्पपेपर होता. मजकूर तिने शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरात स्वतः लिहिला होता. घरमालक, अंजना सुदाम गांगुर्डे. भाडोत्री, सुदाम गांगुर्डे. मुदत, अकरा महिने.

गांगुर्डेंनी चष्मा लावला. सगळी कलमं दोनदा वाचली.

"भाडं?"

"लिहिलंय की. रोज सकाळी नळावर दोन हंडे पाणी भरायचं."

"आणि मुदत संपल्यावर?"

"मालकाच्या मर्जीवर," अंजनाबाई म्हणाल्या. "आवडलं नाही तर तुम्ही सोडू शकता."

गांगुर्डेंनी खांद्यावरून एकदा सगळ्या घराकडे पाहिलं. छताचा कोपरा, मोरी, मागचं दार. आता ते बघणं नेहमीचं होतं, जाणाऱ्या माणसाचं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली. त्या दुपारी ते भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि मुलीला चहासाठी त्यांना तीनदा हाक मारावी लागली. पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी पुन्हा सही केली. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरातही केली. दर वेळी एखादं कलम जरा वाकडं वाटे, त्यावर दोघांची चर्चा होई, आणि मालक ऐकत नसत.

पोर्ट ब्लेअरची ती जागा खात्याने मार्चमध्ये रद्द केली. वाढवलेल्या मुदतीतही तिच्यासाठी एकही फॉर्म आला नव्हता.